माळ्यावरचं अंगडं

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला घरातल्या माळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. खाली ज्याला जागा उरत नाही ते सारं तिथं जातं: मोडका पाळणा, काच फुटलेला कंदील, कुणाच्या तरी मुंजीतला पाट आणि सुतळीनं करकचून बांधलेली एखादी पेटी. घरातली माणसं म्हणतात, “काही नाही हो, जुन्या वस्तू आहेत झालं!” ती सुतळी ज्या दिवशी सुटते, त्या दिवशी कादंबरी सुरू होते. मी स्वतः दोन कादंबऱ्यांत अशा सुतळ्या सोडल्या आहेत आणि तिसरीत सोडायचा मोह मोठ्या कष्टानं आवरला आहे.

म्हणून बेव्हर्ली लुइस या अमेरिकन लेखिकेची ‘द शनिंग’ ही कादंबरी हाती घेतली आणि तिची नायिका माळ्यावर गेलेली पाहिली, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, बाई, तुमचं-आमचं गोत्र एकच!

पुस्तक माझ्या भाचीनं आणलं होतं. ती नवऱ्याच्या नोकरीमुळं पेनसिल्व्हेनियात असते. तिथल्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं विकायला काढली, त्यांतून तिनं माझ्यासाठी सात-आठ कादंबऱ्या उचलल्या. साऱ्यांची वेष्टनं सख्ख्या बहिणींसारखी. डोक्याला पांढरी टोपी घातलेली एक तरुणी, नजर खाली किंवा दूर, मागं हिरवं शेत आणि एका घोड्याची गाडी. “मावशी, तुला आवडतील,” भाची म्हणाली, “यांत प्रेम आहे, पण हात धरण्याच्या पुढं कुणी जात नाही. अगदी तुझ्या कादंबऱ्यांसारखं!” ती मला चिडवत होती हे मला कळलं; पण पुस्तकं मी ठेवून घेतली. शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या आणि शेजारी ठेवलेल्या शब्दकोशाच्या बळावर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वाचून काढली.

या साऱ्या कादंबऱ्या आमिश लोकांच्या आहेत. म्हणजे आमिश लोकांविषयीच्या आहेत. लिहिणाऱ्या बहुतेक बाहेरच्या, आणि वाचणाऱ्याही बहुतेक बाहेरच्याच, भाविक ख्रिस्ती घरांतल्या बायका. नाव ऐकताच आपल्या मराठी कानाला ‘आमिष’ आठवतं आणि गंमत वाटते. कारण आमिषांकडं यांच्याइतकी ठरवून पाठ फिरवलेली माणसं आज क्वचितच सापडतील. मोटार बाळगायची नाही, तारेवरून येणारी वीज घरात घ्यायची नाही, कपडे साधे, घरात बोलायची ती जुन्या वळणाची जर्मन बोली, आणि मुलांची शाळा आठवीपर्यंत. कसं राहायचं, काय घालायचं, काय वापरायचं, याचे जे नियम असतात त्यांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं शपथ घेऊन बाप्तिस्मा घेतला की माणूस या नियमांना बांधला जातो. त्याआधी तो सोडून गेला तर दुःख होतं, पण बहिष्कार पडत नाही.

त्यांचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युरोपात १६९३ साली याकोब आमान नावाच्या धर्मोपदेशकामुळं त्यांच्या मूळ पंथात फूट पडली. आमानच्या मागं गेले ते आमिश. या फुटीमागचा एक मोठा प्रश्न असा होता की, पंथातून काढलेल्या माणसाशी इतरांनी किती तुटून वागावं? त्याच्याबरोबर एका पंगतीला जेवावं की नाही? आमान म्हणाला, जेवू नये. पुढं अठराव्या शतकात ही मंडळी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात येऊन वसली. आज त्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे. पण जेवणाच्या पंगतीचा तो प्रश्न त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेला, आणि तीनशे वर्षांनंतर कादंबऱ्यांना पुरून उरला.

१९९७ साली आलेल्या ‘द शनिंग’ची गोष्ट अशी. केटी लॅप ही लँकेस्टर परगण्यातली आमिश मुलगी. एका विधुर बिशपशी तिचं लग्न ठरलेलं. लग्नाआधी तिला घराच्या माळ्यावर एक तान्ह्या बाळाचं अंगडं सापडतं. अंगडं सॅटिनचं आहे. आता साध्या कापडाखेरीज अंगाला काही न लावणाऱ्या घरात हे रेशमासारखं झुळझुळीत अंगडं आलं कुठून? हळूहळू उलगडतं ते असं, की केटी या घरात जन्मलेली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका श्रीमंत बाईची ती लेक. तरुणपणी त्या बाईनं तान्ही पोर रिबेका लॅपच्या ओटीत घातली. रिबेकानं तिला वाढवलं, जीव लावला आणि ही एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पुढं केटी लग्न मोडते, समाजापुढं गुडघे टेकायला नकार देते, आणि तिच्यावर बहिष्कार पडतो. कादंबरीच्या नावाचा अर्थच बहिष्कार.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ रिबेकाचाच विचार करत बसले. बहिष्कार केटीवर पडला हे खरं. पण त्याच्या आधी वीस-बावीस वर्षं एकट्यानं जगणारी कोण होती? ते अंगडं तिनं जाळलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तिनं ते जपलं. ज्या वस्तूनं आपलं घर मोडेल तीच वस्तू बाईमाणूस घडी घालून, डांबराची गोळी घालून ठेवतं, हे मला फार खरं वाटलं. रहस्य लपवणाऱ्याला ते पुरायचं नसतं. कुणीतरी आपल्याआधी ते शोधावं आणि आपली सुटका करावी, अशी त्याची आतून इच्छा असते.

याच वाचनात आणखी एक, बरंच जुनं पुस्तक हाती आलं: जोसेफ योडर यांचं ‘रोझॅना ऑफ द आमिश’. ते १९४० सालचं. योडर स्वतः आमिश घरात वाढले होते आणि त्यांनी आपल्या आईची कहाणी लिहिली. ही आई जन्मानं आयरिश कॅथलिक. तिला जन्म देऊन तिची आई वारली आणि एका अविवाहित आमिश बाईनं ते मूल सांभाळलं. म्हणजे परक्याचं मूल आमिश पाळण्यात, इथपर्यंत केटीची आणि रोझॅनाची गोष्ट एकच. पण रोझॅनाच्या बाबतीत लपवाछपवी नाही. ती कुणाची, कुठली, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक, तिला स्वतःलाही ठाऊक. ती आपखुशीनं आमिश होते, आमिश मुलाशी लग्न करते, आणि तिच्या जन्मावरून कोणतंही आभाळ कोसळत नाही.

दोन पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, घर मोडतं ते परक्या रक्तानं नव्हे. घर मोडतं ते न सांगण्यानं. जे सांगितलेलंच नाही त्याची क्षमा मागणार कशी आणि करणार कशी?

आणि क्षमा हा तर या लोकांचा श्वास. येशूनं शिकवलेली प्रार्थना ते शब्दशः घेतात: आम्ही इतरांना क्षमा केली तरच देव आम्हांला करील. त्यांच्या घराघरांत हुतात्म्यांच्या कथांचा एक जाडजूड ग्रंथ असतो, मूळ १६६० सालचा. त्यांतली डर्क विलेम्सची कथा लहान पोरांनाही पाठ असते. हॉलंडमधला हा माणूस १५६९ साली तुरुंगातून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून आत पडला. डर्क मागं फिरला, त्याला हात देऊन वर ओढलं, आणि त्यामुळंच पकडला जाऊन जिवंत जाळला गेला. मी वर्गात कधी ही कथा सांगितली तर मुलं नक्की विचारतील, “बाई, मग त्याला काय मिळालं?” या प्रश्नाला आमिश माणसाकडंही उत्तर नाही; तो फक्त म्हणेल, मागं फिरणं त्याला भागच होतं.

ही केवळ ग्रंथातली वांगी नव्हेत, हे २००६ साली साऱ्या जगानं पाहिलं. २ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स या वस्तीतल्या एका खोलीच्या आमिश शाळेत शेजारचाच एक दूधगाडीवाला बंदूक घेऊन शिरला. शिक्षिका मदत आणायला जवळच्या शेतावर धावली. त्यानं दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःला संपवलं. पाच मुली गेल्या. मी शाळामास्तरीण; त्या बातमीतली एका खोलीची शाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी आमिश शेजारी कुठं गेले? मारेकऱ्याच्या बायकोकडं आणि आईबापांकडं. तुमच्यावर आमचा राग नाही, हे सांगायला. पुढं त्या माणसाच्या दफनाला जमलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिशच होते. त्याची आई नंतर कित्येक वर्षं, आठवड्यातून एकदा, त्या गोळीबारात पंगू झालेल्या एका मुलीच्या सेवेला जात असे. ती शाळा त्यांनी दहा दिवसांत पाडून टाकली आणि १ वर्षाच्या आत जवळच नवी बांधली. तिचं नाव ‘न्यू होप’, म्हणजे नवी आशा.

तेव्हा पुष्कळांनी विचारलं, इतक्या लवकर क्षमा? हे खरं की दिखाऊ? याला आमिश लोकांनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. त्याचा आशय असा की, क्षमेचा शब्द आधी द्यायचा. मन मागाहून, धडपडत, पडत-उठत त्याच्यामागं येतं. कुणाचं चार महिन्यांत येतं, कुणाचं जन्मभर वाटेतच असतं. आपण मात्र समजतो, मन निवळल्याशिवाय शब्द देणं म्हणजे खोटेपणा.

त्यांच्यात चुकलेल्या माणसासाठी वाटही ठरलेली आहे. मोठा अपराध असेल तर त्यानं मंडळीपुढं गुडघे टेकून तो कबूल करायचा. काहींना सहा आठवडे बाहेर राहावं लागतं. मग बिशप हात देऊन त्याला उठवतो, शांतीचं चुंबन देतो, आणि त्यानंतर त्या अपराधाचा उच्चारसुद्धा कुणी करायचा नाही. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्यांचा प्रभुभोजनाचा विधी असतो. त्याआधी प्रत्येकानं शेजाऱ्याशी समेट केलेला असावा लागतो. नाहीतर तो विधीच पुढं ढकलतात. विधीत ते जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुतात. बहिष्कार कठोर आहे, पण तो उघड आहे. का पडला हे ठाऊक, केव्हा उठेल हेही ठाऊक. भिंत उंच, पण दार कुठं आहे हे आतल्यालाही दिसतं आणि बाहेरच्यालाही.

हे सगळं गोड-गोड लिहून मी थांबले तर मात्र त्या कादंबऱ्यांसारखंच होईल. कारण त्या कादंबऱ्यांत एक गोष्ट सहसा येत नाही. ‘त्यानंतर उच्चारसुद्धा करायचा नाही’ या नियमाला दुसरीही एक बाजू आहे. घरातल्याच माणसानं घरातल्या पोरीबाळींशी केलेला अत्याचार असाच कबूल झाला, माफ झाला आणि गाडला गेला, अशी प्रकरणं अलीकडच्या वर्षांत अमेरिकन वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतून बाहेर आली आहेत. गुडघे टेकले त्यानं, आणि तोंड बंद ठेवायचं तिनं! अशा वेळी क्षमा हेच रहस्याचं नवं झाकण होतं. माळ्यावर आणखी एक पेटी चढते, एवढंच. खरी क्षमा झाकण उघडते. जी झाकण घालते तिला दुसरं काहीतरी नाव द्यायला हवं. मी हे पोरींच्या शाळेत वीस वर्षं शिकवणारी बाई म्हणून लिहिते आहे.

या सगळ्या गठ्ठ्यात मला सर्वांत जवळची वाटलेली व्यक्ती एका निराळ्याच पुस्तकात भेटली. जोडी पिको यांची २००० सालची ‘प्लेन ट्रूथ’ ही कादंबरी म्हणजे एक खटला आहे: गोठ्यात सापडलेलं एक मृत अर्भक आणि ते आपलं नाही म्हणणारी एक आमिश मुलगी. शेवट मी सांगणार नाही. पण त्या मुलीचा भाऊ पुढं शिकायचं म्हणून घर सोडून गेलेला आहे. बापाच्या लेखी तो मेला. आई मात्र नवऱ्याच्या नकळत लेकीला त्या भावाच्या भेटीला पाठवत असते. ते वाचलं आणि मला आमच्या आजीचा फराळाचा डबा आठवला.

माझे थोरले काका १९६६ साली घरातून गेले. काय करून गेले, याच्या तीन हकिकती आमच्या घरात होत्या. एकीत पैसे होते, एकीत लग्न होतं, आणि तिसरीत दोन्ही. आजोबांनी त्यांचं नाव घेणं सोडलं, म्हणून सगळ्यांनीच सोडलं. आमच्याकडं बिशप नव्हता, नियमांचं पुस्तक नव्हतं, कुणी कुणाला बहिष्कार घाल म्हणून सांगितलं नव्हतं. नुसता अबोला. पण दर दिवाळीला आजी करंज्या-अनारशांचा एक पितळी डबा फडक्यात बांधून बाजूला ठेवी, आणि माझे वडील सायकलचं पंक्चर काढून आणतो म्हणून तो एस. टी. स्टँडवर नेऊन ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देत. आजोबांना कळू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. आणि आत्या सांगते, आजोबा दर दिवाळीला यादीपेक्षा किलोभर रवा जास्त आणत. आजी विचारी, “एवढा कशाला?” आजोबा म्हणत, “असू दे. लागतो.”

काका १९८८ साली वारले. पोस्टकार्ड आलं तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांनी ते वाचलं आणि नुसतं आजोबांपुढं धरलं. आजोबा उठले, परसात विहिरीवर गेले आणि धोतरासकट डोक्यावरून पोहऱ्यामागून पोहरा पाणी ओतून घेतलं. बावीस वर्षं ज्या मुलाचं नाव घेतलं नाही त्याचं सुतक त्यांनी पाळलं. घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

म्हणजे आमच्या घरात क्षमा झालेली होती. आजीनं केली होती, वडिलांनी केली होती, आजोबांनीही केली होती; प्रत्येकानं आपापली, दुसऱ्याला न कळू देता. आमिश माणसाचा शब्द पुढं आणि मन मागं. आमच्याकडं मन कधीच जाऊन पोचलं होतं, शब्दच घरातून निघाला नाही. आणि ज्याच्यासाठी तो होता त्या माणसानं बावीस दिवाळ्या तो डबा उघडला, आणि आपल्याला घरात परत घेतलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

काकांच्या मुलीची आणि माझी ओळख अगदी अलीकडं झाली. मी तिला डब्याची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आम्हांला बाबा सांगायचे, एका जुन्या मित्राकडून येतो म्हणून. आम्ही त्या मित्राचं नाव कितीदा तरी विचारलं होतं.” म्हणजे पेटी त्याही घरात होती!

मला वाटतं, म्हणूनच या कादंबऱ्या घोडागाडीत कधी न बसलेल्या बायका लाखांनी वाचतात. बेव्हर्ली लुइस यांच्या आजीनंही अशाच एका जुन्या वळणाच्या पंथातलं घर लग्नासाठी सोडलं होतं, आणि तिच्यावरून त्यांना ‘द शनिंग’ सुचली. आमिश समाज, त्यांच्या टोप्या, त्यांची शेतं हे वेष्टन आहे. आतला प्रश्न कुठल्याही घरातला: ज्याला आपण मनातून केव्हाच जवळ घेतलं आहे, त्याला तसं सांगायचं कधी?

यंदा अनारशांचं पीठ मी जरा जास्तच भिजवलं आहे. डबा पितळी नाही, प्लॅस्टिकचा आहे, आणि तो कुरिअरनं जाईल. कुरिअरवाला पाठवणाराचं नाव लिहायला लावतो. मी तिथं माझं नाव लिहिणार आहे, आणि त्याखाली आजोबांचं.